ठरलेले आणि झालेले

वाचकहो, तुमच्या स्वयंपाकघराच्या दाराशी खिळ्याला एक 'कालनिर्णय' लटकत असेल, नाहीतर बियाण्याच्या दुकानदाराने दिवाळीत दिलेले दुसरे एखादे कॅलेंडर असेल. आता जरा उठून त्याच्याजवळ जा आणि चालू महिन्याच्या चौकटी नीट पाहा. एकादशी, संकष्टी छापलेली असतेच. पण तिच्याखाली पेन्सिलीने काय काय लिहिलेले आहे? 'दूध ६ लिटर', 'गॅस लावला', 'गंगी भरवली', 'सालगडी खाडा', 'मोटार ४ तास', 'डीपी जळाला'. आणि पुढच्या तारखांत? 'सोसायटीचा हप्ता', 'दुसरी फवारणी', 'मामाच्या मुलीचे लग्न'.

आमच्या घरचे कॅलेंडर मी वीस-पंचवीस वर्षे पाहत आलो, पण एक गोष्ट माझ्या ध्यानात आली नव्हती. एकाच चौकटीत दोन तऱ्हेचे लिखाण असते. एक, जे व्हायचे ठरले आहे ते. दुसरे, जे होऊन गेले ते. बायाबापड्या ते एकाच पेन्सिलीने लिहितात आणि त्यांची गल्लत कधी होत नाही. 'गंगी भरवली' हे झालेले आहे आणि तिथून एकवीस दिवसांनी 'गंगी माजावर येते का पाहणे' हे ठरलेले आहे, हे घरातल्या म्हातारीलाही सांगावे लागत नाही.

गल्लत झाली ती माझ्यासारख्या शिकलेल्या माणसाची. मी कृषी पदवीधर, खात्यात नोकरीला तीस वर्षे होत आली. त्या गल्लतीची हकिगत आज तुम्हाला सांगायची आहे. तिच्यात फोन आहे, संगणक आहे, आणि एका मावशीची दोन एकर ज्वारीही आहे.

आम्हा विस्तार खात्यातल्या माणसांना दोन कागद जन्माला चिकटलेले असतात. एक 'फिरती कार्यक्रम', म्हणजे पुढच्या महिन्यात कोणत्या तारखेला कोणत्या गावी जाणार ते आगाऊ लिहून द्यायचे. दुसरी 'दैनंदिनी', म्हणजे प्रत्यक्ष कुठे गेलो, काय केले ते. ही शिस्त जुनी आहे. जागतिक बँकेकडून डॅनिअल बेनॉर नावाच्या तज्ज्ञाने आणलेली 'प्रशिक्षण व भेट' पद्धत ऐंशीच्या दशकात आपल्याकडे चालली, तिचा गाभाच असा होता की ग्रामसेवकाने ठरलेल्या वारी ठरलेल्या गावाला पंधरा दिवसांनी गेलेच पाहिजे, म्हणजे शेतकऱ्याला घरबसल्या ठाऊक राहील की आज साहेब येणार. मी नोकरीला लागलो तेव्हा ती पद्धत ओसरली होती, पण तिच्या हाताखाली तयार झालेली जुनी माणसे होती. ती सांगत की अमक्या गावात बुधवार म्हटला की लोक किडलेली पाने काढून ठेवीत.

पद्धत चांगली होती. पण तुम्हाला खरे सांगतो, दैनंदिनी रोजच्या रोज लिहिणारा माणूस मी क्वचितच पाहिला. मीही तसलाच. महिनाअखेरीला एका बैठकीत तीस दिवस लिहायचे, आणि आठवत नसेल तर समोर काय धरायचे? फिरती कार्यक्रम. कार्यक्रमात चार तारखेला जे गाव, तेच दैनंदिनीत चार तारखेला. फक्त 'जाणार' होते तिथे 'गेलो' केले की झाले. म्हणजे झालेले लिहायच्या जागी मी ठरलेलेच उतरवीत होतो. कुणाचे काही बिघडत नव्हते, म्हणून ते खोटे आहे असेही कधी वाटले नाही.

बिघडले २०१४ साली. त्या वर्षी फेब्रुवारीच्या अखेरीला गारपीट सुरू झाली ती मार्चच्या मध्यापर्यंत थांबून थांबून होत राहिली. मराठवाड्यात तुमच्यापैकी कुणी असेल तर त्याला वेगळे सांगायला नको. लातूर जिल्ह्यातल्या ज्या गावांत मी तेव्हा कृषी सहायक होतो तिथे उभी ज्वारी आडवी झाली, कापलेला हरभरा पाण्यात तरंगला, आंब्याच्या कैऱ्यांचा बांधावर सडा पडला. मेलेले पक्षी गोळा करून पोरांनी पुरले. तलाठी, ग्रामसेवक आणि कृषी सहायक या तिघांनी मिळून पंचनामे करायचे असा हुकूम होता. सकाळी सातला निघायचे, अंधार पडेपर्यंत बांध तुडवायचे.

एका संध्याकाळी आम्ही एका शिवारातले काम आटोपले. बाकीचे दोघे मोटारसायकलवर पुढे गेले. मला एक मावशी आडव्या आल्या. विधवा बाई, दोन एकर कोरडवाहू, घरात करते माणूस कुणी नाही. म्हणाल्या, "साहेब, माझं रान ओढ्याच्या पल्याड हाये, तिकडं कुणीच आलं न्हाई." मी गेलो. दिवस मावळला होता. ज्वारीचे एक ताट उभे नव्हते. मी बांधावर उभा राहून एका चिठ्ठीवर त्यांचे नाव, गट नंबर, क्षेत्र लिहिले आणि म्हणालो, "मावशी, उद्या यादीत घालतो." चिठ्ठी सदऱ्याच्या खिशात ठेवली. रात्री परतताना पुन्हा पाऊस लागला, सदरा भिजला, बायकोने तो धुवायला टाकला. दुसऱ्या दिवशी मला दुसऱ्याच गावी पाठवले. मी विसरलो. विसरायला काही कारण होते असे म्हणता येईल, पण विसरलो हे खरे.

महिनाअखेरीला नेहमीप्रमाणे दैनंदिनी लिहिली. ती संध्याकाळ ज्या तारखेची होती, त्या तारखेला फिरती कार्यक्रमात भलतेच गाव होते. मी तेच उतरवले.

मदतीची यादी चावडीवर लागली, तेव्हा मावशींचे नाव नव्हते. त्यांनी कुणाकडून तरी अर्ज लिहून घेतला. त्यात लिहिले होते की अमक्या तारखेला संध्याकाळी शेतीचे साहेब माझ्या रानात आले होते, त्यांनी लिहून घेतले. चौकशी माझ्याकडे आली. माझी दैनंदिनी काढली गेली. दैनंदिनी म्हणत होती की त्या दिवशी मी तिथे नव्हतोच. वरिष्ठांनी मला विचारले, "तुम्ही गेला होता का?" आणि मी, वाचकहो, म्हणालो, "दैनंदिनीत आहे तेच खरे."

कारण दैनंदिनी खोटी आहे असे कबूल केले, तर मग एकच दिवस खोटा राहत नाही, सगळे महिने खोटे होतात. प्रवासभत्ता निघतो, नोकरीचा प्रश्न येतो. घरी मुलीची फी भरायची होती. मावशींचा अर्ज निकाली निघाला. कोरडवाहू रानाला जी मदत होती ती त्यांना मिळाली नाही. पुढे बाजारात दिसल्या की त्या मला 'साहेब' म्हणून हाक मारीत. कधी त्या विषयाचे बोलल्या नाहीत. तेच फार जड जाई.

ही गोष्ट मी कुणाला सांगितली नव्हती. सहा-सात वर्षांनी सांगितली ती भाचीला, आणि तीही गप्पांच्या ओघात.

माझी भाची पुण्याच्या एका संगणक कंपनीत काम करते. २०२० च्या टाळेबंदीत घरून काम सुरू झाले तेव्हा ती गावी आली आणि माळवदाच्या खोलीत टेबल टाकून बसू लागली. तिच्या फोनवर एक घड्याळ सतत चालू दिसे. मी विचारले, हे काय? म्हणाली, "मामा, आमची कंपनी गिऱ्हाइकाला तासांवर बिल लावते. कोणत्या कामाला किती मिनिटं गेली ते नोंदावं लागतं. काम सुरू केलं की बटण दाबायचं, संपलं की पुन्हा दाबायचं." तिचे ॲप टॉगल ट्रॅक नावाचे होते. ते एस्टोनिया नावाच्या चिमुकल्या देशात तयार झालेले आहे. क्लॉकिफाय नावाचे तसेच दुसरेही आहे. दोन्ही एकट्यादुकट्याला फुकट वापरता येतात. आणि ठरलेल्या बैठकांसाठी ती गूगल कॅलेंडर वापरी, जे २००६ पासून आहे आणि आता तुमच्या-माझ्या बहुतेक अँड्रॉइड फोनमध्ये आयतेच येते.

मी म्हणालो, "म्हणजे एक तुझी दैनंदिनी आणि एक तुझा फिरती कार्यक्रम." ती हसली. "तसंच की! आणि मी दोन्ही एकमेकांना जोडलेत, म्हणजे एकातलं दुसऱ्यात हातानं लिहावं लागत नाही." त्यावर माझ्या तोंडून मावशींची गोष्ट बाहेर पडली. ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "मामा, फोन आणा तुमचा."

ही जोडणी म्हणजे काय ते आता सांगतो. घाबरू नका, तुम्हाला ती आधीच ठाऊक आहे. तुमच्या विहिरीवरच्या पेटीत ऑटो स्विच असतो ना? थ्री फेज लाइट आली की मोटार आपोआप सुरू. 'जेव्हा लाइट येईल, तेव्हा मोटार चालू कर', एवढीच त्याला अक्कल. ही जोडणीही तशीच 'जेव्हा' आणि 'तेव्हा' यांची असते. जेव्हा घड्याळात नोंद पूर्ण होईल, तेव्हा कॅलेंडरात त्याच वेळेची चौकट तयार कर. घड्याळ एका कंपनीचे, कॅलेंडर दुसऱ्या कंपनीचे, म्हणून मध्ये एक निरोप्या लागतो. झेपियर नावाची एक अमेरिकन सेवा २०११ मध्ये निघाली, ती हेच निरोप्याचे काम करते. तिच्यासारख्या आणखीही आहेत. हा निरोप्या फुकटात ठेवला तर तो क्षणाक्षणाला धावत नाही, ठराविक मिनिटांनी एक फेरी मारतो, तिकडे काही नवीन आहे का पाहतो आणि असेल तर इकडे आणून टाकतो. दूध संकलनाच्या गाडीसारखे.

पण ऑटो स्विचची दुसरी बाजूही तुम्हाला ठाऊक आहे. पाइप फुटला असो, विहिरीला पाणी नसो, लाइट आली की तो मोटार चालू करणारच. आणि साऱ्या शिवाराचे ऑटो स्विच एकदम लागले की डीपी जळतो, म्हणून तर वीज कंपनी 'ऑटो स्विच काढा, कॅपॅसिटर बसवा' असे ओरडत असते. माझ्या जोडणीचेही पुढे तेच झाले.

भाची पुण्याला परत गेली आणि मी उत्साहाच्या भरात स्वतःच उद्योग केला. तिने एका बाजूने जोडले होते, मी दुसऱ्या बाजूनेही जोडले. घड्याळात नोंद आली की कॅलेंडरात चौकट, आणि कॅलेंडरात नवी चौकट आली की घड्याळात नोंद. मला वाटले, दोन्हीकडून पक्के झाले. रात्री झोपलो. सकाळी पाहतो तर काल दुपारच्या एकाच गावभेटीच्या सतरा नोंदी! घड्याळाने कॅलेंडरला सांगितले, कॅलेंडरला ते नवीन वाटले, त्याने घड्याळाला सांगितले, घड्याळाला ते नवीन वाटले, आणि मी घोरत असताना हे रात्रभर चालले होते. महिन्याचे जेवढे फुकट निरोप मिळतात त्यातले बरेचसे त्या एका रात्रीत खर्ची पडले.

भाचीला फोन केला. म्हणाली, "मामा, दोन कॅलेंडरं करा. एक 'ठरलेले', एक 'झालेले'. घड्याळातलं फक्त 'झालेले'त जाऊ द्या." गूगलमध्ये एकाच खात्यात अशी पाहिजे तितकी कॅलेंडरे करता येतात आणि प्रत्येकाला वेगळा रंग देता येतो. मी ठरलेल्याला पिवळा दिला, झालेल्याला हिरवा.

तेवढ्यावर थांबायला हवे होते. पण बटण दाबायचा कंटाळा! गावात शिरताना फोन काढा, बटण दाबा, निघताना पुन्हा दाबा. एकदा तर फवारणीच्या प्रात्यक्षिकात चालू केलेले घड्याळ बंद करायचे राहिले आणि दुसऱ्या दिवशी सकाळी मला कळले की मी चौदा तास फवारणी केली. म्हणून मी असे केले, की 'ठरलेले' कॅलेंडरातल्या भेटीची वेळ झाली की घड्याळात तेवढ्या वेळेची नोंद आपोआप पडावी, आणि तिथून ती 'झालेले'त जावी. आता बटणाची गरजच नाही. दोन-तीन आठवडे मी खुशीत होतो. पिवळ्या चौकटींच्या शेजारी हिरव्या चौकटी अगदी जुळून दिसत. मी सहकाऱ्यांनाही दाखवल्या.

मग एका मंगळवारी एका तांड्यावर शेतीशाळा ठरलेली होती, दहा ते बारा. घाटात गाडी पंक्चर झाली, स्टेपनीतही हवा नव्हती. टपरीवर बसून राहिलो. पंक्चर निघेपर्यंत साडेबारा झाले. शेतकरी वाट पाहून निघून गेले होते, सरळ परत आलो. रात्री फोन उघडला. 'झालेले' कॅलेंडरात हिरवीगार चौकट होती: शेतीशाळा, दहा ते बारा.

वाचकहो, मी त्या चौकटीकडे किती वेळ पाहत बसलो ते सांगता येणार नाही. २०१४ मध्ये जे मी पेनाने केले होते तेच आता यंत्र माझ्यासाठी करीत होते, आणि ते मीच त्याला शिकवले होते. ठरलेले घ्यायचे, त्यातले 'जाणार' काढून 'गेलो' घालायचे. फरक एवढाच की मी महिन्यातून एकदा करीत होतो, हे रोज, वेळच्या वेळी, न चुकता करीत होते.

त्याच रात्री ती जोडणी तोडली. आता एकच राहिली आहे, घड्याळाकडून कॅलेंडराकडे. बांधावर पाय ठेवला की मी बोटाने बटण दाबतो, निघताना पुन्हा दाबतो. रेंज नसली तरी नोंद फोनमध्ये राहते, रेंजमध्ये आलो की वर जाते. रात्री त्यावरून खात्याची दैनंदिनी लिहितो. पिवळ्या-हिरव्या चौकटी आता क्वचितच जुळतात. पिवळीत दोन तास असतात, हिरवीत पस्तीस मिनिटे निघतात. आणि हिरव्यांची बेरीज केली तेव्हा आणखी एक गोष्ट बाहेर आली. मी समजत होतो की माझा बहुतेक दिवस बांधावर जातो. तो जात होता रस्त्यावर आणि बैठकांत.

या भानगडीत आमच्या घरात एक वेगळेच प्रकरण उभे राहिले, तेही सांगायला हवे. सुरुवातीला निरोप्याच्या खात्यात वेळ कोणत्या देशाची ते मी लावले नव्हते. आपली वेळ ग्रिनिचच्या वेळेपेक्षा साडेपाच तास पुढे. त्यामुळे सकाळी दहाची भेट कॅलेंडरात पहाटे साडेचारला उमटे. एकदा सौ.ने माझ्या खांद्यावरून डोकावून पाहिले आणि म्हणाली, "पहाटे साडेचारला तुम्ही हरभऱ्याची पाहणी करत होता म्हणे! साडेचारला मी शेण काढत असते. तुम्ही तेव्हा कुठं असता ते मला चांगलं ठाऊक आहे." मी वेळ दुरुस्त केली. पण ती पुढे म्हणाली, "अहो, एक दिवस माझ्या मागं लावा की ते घड्याळ."

एका रविवारी लावले. तिचे हात शेणात नाहीतर पिठात, म्हणून बटण मी दाबायचे ठरले. नऊ वाजेपर्यंत मीच दमलो. गोठा झाडणे, धार काढणे, दूध डेअरीला देणे, चहा, पाणी भरणे, भाकरी, म्हशीला वैरण. आणि घड्याळाची एक मोठीच खोड कळली. त्यात एका वेळी एकच काम चालते. दुसरे सुरू केले की पहिले बंद पडते. चुलीवर दूध आहे, हातात तूर निवडायची आहे, पायाने नातवाचा पाळणा चालू आहे आणि दारात कडबा घेऊन आलेल्या माणसाशी भाव चालला आहे, याला मी कोणते बटण दाबू? मी 'दूध' दाबले तर 'तूर' बुडते. संध्याकाळी मी हिशेब मांडला तो अपुराच होता, तरी तो माझ्या दिवसापेक्षा पाच तासांनी मोठा निघाला. तिने तो पाहिला, "बरं," म्हणाली आणि दही लावायला गेली.

हे आमच्याच घरचे नाही. केंद्र सरकारने २०१९ मध्ये देशभर वेळेच्या वापराची पाहणी केली. पहाटे चारपासून दुसऱ्या दिवशी पहाटे चारपर्यंतचे चोवीस तास, अर्ध्या-अर्ध्या तासाचे तुकडे पाडून विचारले. घरकाम करणाऱ्या बाया त्यात दिवसाला सरासरी २९९ मिनिटे बिनमोल घरकाम करताना दिसल्या आणि पुरुष ९७ मिनिटे. २०२४ मध्ये पुन्हा पाहणी झाली, तेव्हा हे आकडे २८९ आणि ८८ आले. म्हणजे बायांची दहा मिनिटे कमी झाली म्हणून आनंद करावा, तर आमची नऊ कमी झाली.

आणि शेतकऱ्याच्या दृष्टीने हा निव्वळ घरगुती थट्टेचा विषय नाही. हमीभाव ठरताना पिकाचा जो उत्पादनखर्च धरतात, त्यात घरच्या माणसांच्या राबण्याची मजुरीही मोजतात. त्यासाठी १९७०-७१ पासून देशात एक योजना चालू आहे. निवडलेल्या शेतकऱ्यांच्या घरी माणूस बसून किती तास कोण राबले ते उतरवून घेतो. उद्या तुमच्या दारात असा माणूस आला आणि विचारले, "खुरपणीला घरचे किती तास गेले?", तर तुम्ही काय सांगाल? "गेले असतील चार-पाच दिवस." बायकोचे तर बहुधा सांगणारच नाही, कारण 'ती घरचीच'. तुम्ही सांगितले नाही तर तो तरी कुठून लिहिणार?

तेव्हा ज्याच्या घरात कॉलेजात जाणारे पोरगे आहे त्याने त्याच्याकडून एवढे करून घ्यावे. फोनच्या कॅलेंडरात 'रान' नावाचे एक वेगळे कॅलेंडर करावे आणि ते घरातल्या सगळ्यांच्या फोनवर सामाईक ठेवावे. गाय भरवली की त्या तारखेवरून एकवीस दिवसांची आठवण, विण्याच्या दोन महिने आधी आटवायची आठवण, आणि नऊ महिने नऊ दिवसांनी विण्याची आठवण लावून ठेवावी. म्हशीला दहा महिने दहा दिवस धरा. पुण्या-मुंबईला असलेल्या मुलालाही ते तिथे दिसते, आणि रविवारी फोनवर "काय चाललंय?" विचारण्याऐवजी तो "गंगी व्याली का?" विचारतो. त्यात काय झाले ते लिहायचे कॅलेंडर मात्र वेगळे असू द्या, आणि ते माणसाने लिहावे. मजुरांच्या मागे घड्याळ लावू नका. हजेरी आणि उचल त्यांच्यासमोर वहीत लिहा, आणि ती त्यांना वाचून दाखवा. आणखी एक, कुठलीही जोडणी करताना फोन परवानगी मागतो. कॅलेंडरापुरती मागितली तर द्या. साऱ्या टपालाची, संपर्कांची मागितली तर हात आवरा. हे भाचीने मला तीनदा बजावले आहे.

२०२५ च्या सप्टेंबरात मराठवाड्यात जो पाऊस झाला त्याने नद्या उलटल्या. माझ्या हाताखाली आता सहायक आहेत, तरी पंचनाम्यांच्या दिवसांत मीही बांधावर होतो. त्या गावातही गेलो. ओढ्याच्या पलीकडे जायला वाट राहिली नव्हती, लांबून वळसा घालून गेलो. मावशी आता पुष्कळच थकल्या आहेत. रानात सोयाबीन होते, गुडघाभर पाण्यात, शेंगांना मोड आलेले. मी बटण दाबले. तलाठी आणि ग्रामसेवक बरोबरच होते. पंचनाम्याच्या कागदावर तिथेच मावशींचा अंगठा घेतला.

निघताना मी त्यांना फोन दाखवला. म्हटले, "मावशी, हे पाहा, आजची तारीख, तुमचं रान, किती वाजता आलो, सगळं इथं आलंय." त्यांनी फोनकडे पाहिले आणि म्हणाल्या, "मला त्यातलं काय कळतंय, सायेब? घराकडं या."

घरी गेलो. भिंतीवर कॅलेंडर होते, खतवाल्या दुकानाचे. त्यांनी फळीवरून पेन्सिलीचा एवढासा तुकडा काढला आणि माझ्या हातात दिला. मी त्या तारखेच्या चौकटीत लिहिले, 'साहेब रानात आले. पंचनामा झाला.' त्या म्हणाल्या, "सही करा." मी सही केली.